गोणीवरचा चौथा आकडा

विशेष प्रतिनिधी

सप्टेंबर सरता सरता मराठवाडा आणि सोलापूर परिसरातील काळ्या रानांत करडईच्या पेरणीची लगबग सुरू होते. या पिकाला पुढे पाऊस मिळण्याची शाश्वती नसते. पावसाळ्याने जमिनीत जी ओल मागे ठेवली असेल, तेवढ्याच भांडवलावर त्याला चार-साडेचार महिने काढायचे असतात. त्यामुळे खत म्हणून जे काही द्यायचे ते पेरणीच्या दिवशीच द्यावे लागते. नेमक्या याच दिवसांत तालुक्याच्या गावी खतांच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि त्या बहुधा एकाच खतासाठी असतात. ते खत म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, अर्थात डीएपी. २०२४ च्या रब्बी हंगामात या खताची टंचाई देशातील अनेक राज्यांत जाणवली आणि त्या रांगांची छायाचित्रे शहरी वाचकांनीही पाहिली.

अशा बातम्या सहसा 'मागणी जास्त, पुरवठा कमी' एवढ्यावर संपतात. तेलबियांच्या बाबतीत मात्र आणखी एक प्रश्न विचारायला हवा. ज्या गोणीसाठी शेतकरी ताटकळत उभा आहे, ती त्याच्या पिकाची गरज पूर्ण भागवते काय? करडई, मोहरी, जवस, सूर्यफूल या पिकांपुरते याचे उत्तर नकारार्थी आहे. डीएपीत नत्र आहे, स्फुरद तर भरपूर आहे. पण तेलबियांना स्फुरदाच्या खालोखाल, काही पिकांत त्याच्या बरोबरीने लागणारे गंधक त्यात जवळजवळ नाही.

तेलाचा डबा आणि करडईचे रान

पुण्या-मुंबईच्या वाचकाला करडई भेटते ती दोनच रूपांत. थंडीच्या सुरुवातीला मंडईत येणारी करडईची कोवळी भाजी, जी प्रत्यक्षात पिकाच्या विरळणीत उपटलेली रोपे असतात. आणि अलीकडे गल्लोगल्ली निघालेल्या लाकडी घाण्याच्या दुकानांतील महागडे तेल. एके काळी महाराष्ट्राच्या अर्ध्या भागात हे रोजच्या फोडणीचे तेल होते. १९८० च्या दशकात राज्यात लाखो हेक्टरांवर उभी असलेली करडई पुढे आक्रसत गेली. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा या जोडीने तिची जागा घेतली. काटेरी पीक काढायला मजूर मिळेनासे झाले, आयात पामतेलाने भाव दाबून ठेवले आणि कोरडवाहू रानातील तिचे उत्पादनही फारसे वाढले नाही.

या शेवटच्या कारणाचा खताशी संबंध आहे, तर आधीच्या कारणांचा देशाच्या तिजोरीशी. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. अलीकडच्या वर्षांत ही आयात दीडशे लाख टनांच्या वर असून तिच्यावर वर्षाला एक लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने १०,१०३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय खाद्यतेल अभियान तेलबियांसाठी मंजूर केले. २०२२-२३ मधील ३९० लाख टन तेलबिया उत्पादन २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टनांवर नेण्याचे त्यात उद्दिष्ट आहे. करडईच्या हमीभावातही २०२६-२७ च्या विपणन हंगामासाठी क्विंटलमागे ६०० रुपयांची वाढ होऊन तो ६,५४० रुपये झाला. त्या वर्षी रब्बी पिकांत ही सर्वांत मोठी वाढ होती. भाव आणि बियाणे यांची चर्चा बरीच होते. पेरणीच्या दिवशी मातीत काय पडते, ही बाब मात्र तपशिलाची म्हणून मागे राहते.

आकड्यांची भाषा

खताच्या गोणीवर तीन आकडे असतात, ते अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे शेकडा प्रमाण सांगतात. डीएपी म्हणजे १८:४६:०. शंभर किलो खतात १८ किलो नत्र, ४६ किलो स्फुरद, पालाश शून्य. मुंबईकरांच्या परिचयाचे 'सुफला' हे १५:१५:१५. काही गोण्यांवर मात्र चौथा आकडाही असतो, तो गंधकाचा. २०:२०:०:१३ असे लिहिलेल्या खतात १३ टक्के गंधक आहे. नुसत्या २०:२०:० मध्ये ते नाही. दोन्ही गोण्या दुकानात शेजारी शेजारी असतात आणि घाईत मागणाऱ्याला 'वीस-वीस' म्हणून कोणतीही मिळू शकते. सिंगल सुपर फॉस्फेट हे जुने खत याच पद्धतीने लिहायचे तर ०:१६:०:११ असे होईल.

आता पिकाची गरज. राज्यातील कृषी विद्यापीठांच्या शिफारशी विभागागणिक थोड्या बदलतात, पण कोरडवाहू करडईसाठी त्या हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र आणि २० ते २५ किलो स्फुरद यांच्या घरात आहेत. पालाशाचा आकडा बहुधा शून्य असतो. शिफारशीत तो राहून गेला असे नव्हे. दख्खनच्या काळ्या मातीत मुळातच पालाशाचा साठा मोठा आहे. ओलिताच्या करडईला मात्रा वाढते आणि नत्र दोन हप्त्यांत विभागता येते, अर्धे पेरणीला आणि अर्धे महिनाभराने पाण्यासोबत. कोरडवाहू पिकाला ही मुभा नाही. वरची माती सुकल्यावर तिच्यावर फेकलेला युरिया ओलीअभावी तसाच पडून राहतो आणि त्यातील बरेचसे नत्र हवेत जाते.

स्फुरदाची अडचण वेगळी आहे. नत्र मातीतील पाण्याबरोबर मुळांपर्यंत जाते, स्फुरद जात नाही. ते जिथे पडेल तिथेच थांबते. काळ्या मातीत चुनखडीचे प्रमाण बरेच असते आणि पसरून टाकलेले स्फुरद तिच्याशी बांधले जाऊन पिकाला दुर्मीळ होते. म्हणून ते ओळीत, बियाण्याच्या खाली किंवा बाजूला चार-पाच सेंटिमीटरवर, ओलीत पेरून द्यायचे असते. त्यासाठी दोन चाड्यांची पाभर आहे. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, आणि दोघांचे नळे वेगळे. हे अंतर महत्त्वाचे आहे. बी आणि युरिया एकाच चाड्यात मिसळून पेरले तर युरियातून सुटणाऱ्या अमोनियाने कोवळा अंकुर जळतो आणि उगवण विरळ होते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रातही हेच तत्त्व आहे. फक्त चाड्याची जागा पेटीने घेतली आहे.

गंधकाचे काम

गंधक म्हटले की शहरी मनात फटाके आणि आगकाडी येते. वनस्पतीच्या दृष्टीने ते अन्नद्रव्य आहे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांपासून घडतात त्यांपैकी सिस्टीन आणि मेथिओनिन या दोघांत गंधक असते. पानातील हिरवेपणा टिकवण्यात आणि बियांत तेल तयार होण्याच्या साखळीत त्याचा वाटा आहे. मोहरीचा झणका ज्या द्रव्यांमुळे येतो तीही गंधकयुक्तच. कांदा-लसणाचा उग्रपणाही याच घराण्यातला.

पिकागणिक गरज किती बदलते हे पाहण्यासारखे आहे. एक टन धान्य पिकवताना तृणधान्ये जमिनीतून साधारण तीन ते चार किलो गंधक उचलतात, डाळी आठ किलोच्या आसपास, तर तेलबिया बारा किलोच्या आसपास. म्हणजे टनामागे गव्हाच्या तिप्पट. गव्हासाठी आखलेली खतांची सवय तेलबियांवर तशीच लादली तर तूट पडणार, हे या आकड्यांवरूनच दिसते.

ती तूट दिसते कशी? नत्र कमी पडले तर खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यांतील नत्र काढून कोवळ्या पानांना देते. गंधकाच्या बाबतीत झाडाला अशी हलवाहलव फारशी करता येत नाही; त्यामुळे शेंड्याकडची नवी पाने फिकट होतात. बांधावरून दोन्ही 'पिवळेपणाच' दिसतो आणि उपाय म्हणून पुन्हा युरियाच पडतो. त्याने रोग बरा होत नाही. प्रथिने घडायला नत्र आणि गंधक एकमेकांच्या सोबतीने लागतात.

जमिनीतील गंधक कमी होण्याची कारणे अनेक आहेत. मातीतील त्याचा मोठा साठा सेंद्रिय पदार्थांत असतो आणि राज्यातील कोरडवाहू जमिनी सेंद्रिय कर्बाने गरीब झाल्या आहेत. शेणखत उसाच्या आणि भाजीपाल्याच्या रानात जाते. हलक्या जमिनीत सल्फेट रूपातील गंधक पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जाते. खरिपात सोयाबीन घेतले असेल तर तेही तेलबीच. त्याने आपला वाटा आधीच उचललेला असतो. युरोपात तर एक विचित्र अनुभव आला. १९८० नंतर तेथील कारखान्यांचा धूर स्वच्छ होत गेला, पावसातून फुकट पडणारे गंधक घटले आणि मोहरीवर्गीय रेप पिकात त्याची कमतरता उघड झाली. तेव्हापासून तेथील शेतकरी गंधक विकत घेऊन घालतात.

कारखान्यात राहून गेलेले

मग डीएपीत गंधक का नाही? याचे उत्तर खत बनवण्याच्या रीतीत आहे आणि ते मोठे मौजेचे आहे. दोन्ही स्फुरदी खतांची सुरुवात एकाच कच्च्या मालापासून होते: रॉक फॉस्फेट हा खडक आणि गंधकाम्ल. खडकाच्या भुकटीवर बेताचे आम्ल घातले की विरघळणारे स्फुरद आणि जिप्सम यांचे मिश्रण तयार होते. हे मिश्रण तसेच गोणीत भरले की झाले सुपर फॉस्फेट. आम्लातले गंधक जिप्समच्या रूपाने शेतापर्यंत पोचते. भारतात हे खत १९०६ पासून बनते. तमिळनाडूतील राणीपेट येथे पहिला कारखाना निघाला.

डीएपीसाठी त्याच खडकावर अधिक आम्ल वापरून फॉस्फरिक आम्ल वेगळे काढतात आणि त्यात अमोनिया मिसळतात. या वाटेवर जिप्सम गाळून बाजूला टाकले जाते. अशा कारखान्यांजवळ त्याचे डोंगर साचतात. काही सिमेंटकडे जाते, काही चोपण जमिनी सुधारायला. तेलबियांना हवे असलेले गंधक, थोडक्यात, फाटकाच्या आतच राहते.

यावरून डीएपी हे वाईट खत ठरत नाही आणि ते मागणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणे तर अन्यायाचे होईल. एका एकराचा हिशेब पाहू. हेक्टरी ५० किलो नत्र आणि २५ किलो स्फुरद या शिफारशीप्रमाणे एकरी २० किलो नत्र व १० किलो स्फुरद लागते. डीएपीने भागवायचे तर २२ किलो डीएपी आणि सुमारे ३५ किलो युरिया पुरतो. एवढे सामान मोटारसायकलवरूनही नेता येते. सुपर फॉस्फेटने तेच स्फुरद द्यायचे तर सव्वा गोणी, म्हणजे सुमारे ६२ किलो खत आणि वर ४३ किलो युरिया लागतो. वजन जवळजवळ दुप्पट. वाहतूक, हमाली, पाभरीत पुन्हा पुन्हा भरणे हे सारे आलेच. शिवाय भुकटीचे सुपर फॉस्फेट दमट हवेत गठ्ठे धरते आणि नळा तुंबवते. दाणेदार रूप आल्यावर ही तक्रार कमी झाली, पण भेसळीच्या जुन्या अनुभवांमुळे या खताची पत अजून पुरती सावरलेली नाही. त्या जादा वजनाच्या बदल्यात एकराला जवळपास सात किलो गंधक मिळते. पहिल्या हिशेबात ते नाममात्रच आहे.

अनुदानाचा कल

सरकारी धोरणही तराजूच्या एकाच पारड्यात बसले आहे. एप्रिल २०१० पासून खतांना त्यांतील अन्नद्रव्यांच्या प्रमाणात अनुदान मिळते. युरिया या योजनेबाहेर राहिला. त्याची ४५ किलोची गोणी करांसह २६६ रुपये ५० पैशांना मिळते, आणि भाव इतका स्वस्त असल्याने पिवळ्या पानावरचा पहिला उपाय तोच असतो. अन्नद्रव्यांचे दर पाहा. २०२४ च्या खरिपासाठी स्फुरदावर किलोमागे २८ रुपये ७२ पैसे अनुदान होते, गंधकावर १ रुपया ८९ पैसे. डीएपीसाठी याशिवाय विशेष साहाय्य दिले गेले. मे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय भाव भडकले तेव्हा गोणीमागचे अनुदान ५०० रुपयांवरून १,२०० रुपये करण्यात आले. २०२२ नंतर ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना रोखून धरली गेली. शेतकऱ्याला भाववाढीपासून वाचवण्याचा हेतू योग्यच. परिणाम असा की ज्या खताचा निम्म्याहून अधिक पुरवठा आयात आहे आणि ज्याची चीनमधून होणारी निर्यात २०२१ नंतर वारंवार आखडली गेली, त्याचीच मागणी सर्वांत टिकून राहिली. देशात बनणारे सुपर फॉस्फेट दुय्यम राहिले.

२०२४ च्या टंचाईत मात्र कृषी खात्यांनी त्याचीच आठवण काढली. डीएपीच्या एका गोणीऐवजी सुपर फॉस्फेटच्या तीन आणि युरियाची एक गोणी घ्या, असे आवाहन अनेक ठिकाणी झाले. अडचणीतला पर्याय म्हणून ते सांगितले गेले. तेलबियांपुरता तो पर्याय पहिला असायला हरकत नव्हती, हे कुणी फारसे सांगितले नाही.

गंधकाच्या गोणीलाही ग्रामीण महाराष्ट्रात बदनामी चिकटली आहे, आणि तिचे कारण 'लिंकिंग'. टंचाईच्या काळात डीएपी किंवा युरिया हवा असेल तर सोबत दुसरे काहीतरी घ्यावेच लागेल, अशी सक्ती होत असल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात. गळ्यात मारल्या जाणाऱ्या या मालात सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटल्यांबरोबर दाणेदार गंधकाची पिशवीही असते. जी वस्तू सल्ला म्हणून मिळायला हवी ती दंड म्हणून मिळाली की ती घराच्या कोपऱ्यात पडून राहते.

ती वापरली तरी वेळेचा प्रश्न उरतो. ९० टक्के गंधकाचे हे दाणे म्हणजे मूळ गंधक. ते पिकाला थेट घेता येत नाही; मातीतील जिवाणूंनी त्याचे सल्फेट करावे लागते आणि त्यासाठी ओल व काही आठवडे लागतात. म्हणून ते पेरणीच्या आधी मातीत जायला हवे. सुपर फॉस्फेट, जिप्सम, अमोनियम सल्फेट यांतील गंधक सल्फेट रूपातच असल्याने पेरणीसोबत चालते. जुलै २०२३ मध्ये आलेल्या 'युरिया गोल्ड' या गंधकवेष्टित युरियात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक आहे. पण ते वेष्टन मूळ गंधकाचे असल्याने त्यालाही वेळेचा हाच नियम लागू पडतो.

सर्वत्र गंधक घाला, असाही याचा अर्थ नाही. ज्या जमिनीत उपलब्ध गंधक पुरेसे आहे तिथे ते वाढवून उत्पादन वाढत नाही, आणि कोरडवाहू रानात पहिली मर्यादा पाण्याचीच असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेच्या बारा तपासण्यांत गंधकाचा समावेश आहे. मातीच्या किलोमागे दहा मिलिग्रॅमहून कमी हा आकडा आला तर कमतरता समजतात. पत्रिका घरोघरी पोचल्या. खत घेताना ती सोबत नेणारा शेतकरी आणि ती मागून पाहणारा दुकानदार, दोघेही विरळा.

इतर पिकांचे थोडक्यात

मोहरीच्या बाबतीत राजस्थान पुढे आहे. देशातील मोहरीचा जवळपास निम्मा वाटा तेथून येतो आणि जिप्समच्या खाणीही तिथेच आहेत. हेक्टरी २५० किलो जिप्सम पेरणीपूर्वी जमिनीत मिसळण्याची शिफारस तेथे रुळलेली आहे. विदर्भातील जवस हे याच्या दुसऱ्या टोकाचे पीक. ओलिताच्या जवसाला ६० किलो नत्र व ३० किलो स्फुरद सांगितले जाते. पण पूर्व विदर्भात धान कापण्यापूर्वीच उभ्या पिकात बी फेकून घेतल्या जाणाऱ्या उतेऱ्याच्या जवसाला वेगळे खत मिळतेच असे नाही, ते धानाच्या उष्ट्यावर वाढते. सूर्यफुलाला गंधकाबरोबर बोरॉनही लागते, तेही फुलोऱ्याच्या वेळी फवारून, कारण त्याअभावी तबकाच्या मध्यातले दाणे पोचट राहतात. उन्हाळी भुईमुगाला हेक्टरी ४०० किलो जिप्सम दोन वेळा विभागून देतात, निम्मे पेरणीला आणि निम्मे आऱ्या सुटताना. तिथे गंधकाइतकेच काम त्यातील कॅल्शियमचे असते, शेंगा भरण्याचे.

पेरणीत गंधक राहून गेले आणि ओलिताची सोय असेल तर महिन्याच्या हप्त्यात युरियाऐवजी अमोनियम सल्फेट देऊन ही उणीव बरीच भरून काढता येते. कोरडवाहू करडईची मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. त्यानंतरच्या पेऱ्यावर माव्याचा उपद्रव वाढतो, आणि वरचा थर सुकलेला असल्याने खत ओलीपर्यंत पोचवण्यासाठी पाभर अधिक खोल धरावी लागते.